सेनापती बापट : रस्त्याच्या पाटीमागचा माणूस

पुण्यात सेनापती बापट रोड आहे. मुंबईत सेनापती बापट मार्ग आहे. रोज हजारो लोक ह्या दोन रस्त्यांवरून जातात, सिग्नलला हॉर्न वाजवतात, रिक्षावाल्याशी भांडतात. पण हे बापट कोण, कुठल्या सैन्याचे सेनापती, असं विचारलं तर बहुतेकजण खांदे उडवतात. आमच्या विंगमध्ये मी विचारून पाहिलं. एकजण म्हणाली पेशव्यांचे असतील, दुसरी म्हणाली आर्मीत असतील. दोन्ही उत्तरं चूक. ह्या सेनापतीच्या फौजेत होते भातशेती करणारे मावळातले शेतकरी, आणि लढाई होती एका धरणाशी. आणखी एक गोष्ट, जी आपल्या कॉलेजच्या मॅगझिनमध्ये सांगायलाच हवी. हा माणूस विलायतेला गेला होता तो इंजिनियरिंग शिकायला!

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेरला, नगर जिल्ह्यात झाला. घरची परिस्थिती साधारण, पण पोरगं हुशार. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी.ए. झाले आणि मंगळदास नथुभाई स्कॉलरशिप मिळवून १९०४ साली एडिंबरोला पोचले. त्या काळात स्कॉलरशिपवर परदेशात इंजिनियरिंग म्हणजे आयुष्य सेट! परत येऊन सरकारी बांधकाम खात्यात चिकटायचं, बंगला, घोडागाडी, पेन्शन. कुणीही हेच केलं असतं. पण बापटांनी तिथे इंग्रजी राज्यात हिंदुस्थानची काय दशा झाली आहे ह्यावर जाहीर बोलायला सुरुवात केली. परिणाम व्हायचा तोच झाला. स्कॉलरशिप गेली.

मग लंडनचं इंडिया हाऊस, श्यामजी कृष्ण वर्मा, सावरकर. तिथून पॅरिस. इंजिनियरिंगच्या ऐवजी बापट तिथे बॉम्बची विद्या शिकले आणि हेमचंद्र दास यांच्यासारख्या सहकाऱ्यांबरोबर ती विद्या हिंदुस्थानात आली. १९०८ मध्ये अलीपूर बॉम्ब खटल्यात माफीच्या साक्षीदाराने त्यांचं नाव घेतलं आणि बापट भूमिगत झाले. चार वर्षं वेषांतर करून फिरले, १९१२ साली पकडले गेले, पण पुरावा नसल्यामुळे पुढे सुटले.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला सिनेमासारखी वाटते. पण मला खरे बापट ह्याच्यानंतर भेटतात. सुटून आल्यावर ते पारनेरला गेले आणि हातात झाडू घेतला. खराच झाडू! गावचे रस्ते झाडायचे, घाण उचलायची. ज्या काळात हे काम जातीवर टाकलेलं होतं त्या काळात विलायतेहून आलेला ब्राह्मण हे रोज करत होता. पुढे मुंबईत त्यांनी झाडूवाल्या कामगारांसाठीही काम केलं. बॉम्बपासून झाडूपर्यंतचा हा प्रवास कुठल्याही साच्यात बसत नाही, आणि म्हणूनच बहुधा आपली पाठ्यपुस्तकं त्यांना दोन ओळींत गुंडाळतात.

आता मुळशीकडे येऊ.

सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस बेफाम पडतो. हे पाणी अडवायचं, बोगद्यातून आणि पाइपातून पश्चिमेला कोकणात खाली सोडायचं आणि त्यावर टर्बाइन फिरवायचं, ही कल्पना इंजिनियरिंगच्या दृष्टीने अप्रतिम आहे. टाटांनी ह्या कल्पनेवर तीन प्रकल्प उभे केले. १९१५ मध्ये खोपोली, १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. मी इलेक्ट्रिकलला आहे, त्यामुळे भिऱ्याचा हेड वाचून मला राहवलं नाही. सुमारे ५०० मीटर! वहीच्या मागच्या पानावर गणित केलं. लॉसेस सोडून दिले तर साधारण ७३५ लिटर पाणी खाली आलं की एक युनिट वीज. कोळसा नाही, धूर नाही. तेव्हाच्या मुंबईच्या गिरण्यांना अशी वीज म्हणजे वरदानच होतं.

फक्त एकच अडचण होती. पाणी जिथे अडवायचं तिथे माणसं राहत होती.

नीला आणि मुळा ह्या नद्यांच्या संगमाजवळ, मुळशीला धरण बांधायचं ठरलं. त्यात पन्नासच्या आसपास गावं आणि दहा हजारांवर माणसं उठणार होती. हा आंबेमोहोर तांदळाचा मुलूख. लोक पिढ्यान्‌ पिढ्या तिथेच. त्यांना कुणी विचारलं नाही. जमीन रीतसर ताब्यात यायच्या आधीच कंपनीने शेतांत चर खणायला सुरुवात केली. शेतकऱ्यांना प्रकल्पाची बातमी कळली ती अशी, स्वतःच्या शेतात परक्याची कुदळ पाहून!

आता तक्रार करायची कुणाकडे? सरकारकडे? सरकारच्या हातात १८९४ चा भूसंपादन कायदा होता. खाजगी कंपनीसाठीसुद्धा सार्वजनिक हिताच्या नावाखाली जमीन सक्तीने घेता येत होती, आणि मुंबई सरकारने तोच वापरला. कंपनीकडे? कंपनी सरकारकडे बोट दाखवणार. मित्रांनो, हा अनुभव आपल्याला नवा नाही. रस्ता खणून ठेवलाय म्हणून ऑफिसात जा, ते म्हणतात कंपनीने खणला. कंपनीला फोन करा, ते म्हणतात परवानगी ऑफिसने दिली. मधल्या खड्ड्यात आपण. आपला राग येतो आणि जातो, कारण खड्डा एक दिवस बुजतो. मुळशीकरांच्या बाबतीत बुजणार होतं ते सगळं गावच.

ह्या वेळी बापट त्यांच्यात जाऊन उभे राहिले. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. सुमारे बाराशे मावळे, त्यात बाया आणि पोरंही होती, धरणाच्या जागेवर जाऊन बसले. मारामारी नाही, फक्त बसले. काम बंद पडलं. शेवटी कंपनीने सहा महिने काम थांबवायचं मान्य केलं. जगातल्या पहिल्यावहिल्या धरणविरोधी लढ्यांत ह्या सत्याग्रहाची गणना होते. बापटांना सेनापती ही पदवी कुठल्या दरबाराने दिलेली नाही, ती ह्याच लढ्यातून लोकांनी दिली.

पण गोष्ट इथे संपली असती तर ती सोपी झाली असती. सहा महिन्यांनी, १९२१ च्या डिसेंबरात काम पुन्हा सुरू झालं. पुन्हा सत्याग्रह, पुन्हा धरपकड. बापट तुरुंगात. त्यांच्याबरोबर विनायकराव भुस्कुटे झटत होते, शिवरामपंत परांजप्यांसारखे मोठे संपादकही ह्यासाठी तुरुंगात गेले. आणि तरीही आतून लढा फुटत गेला. का फुटला हे कळलं तेव्हा मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. जमीन कसणारे मावळे होते, पण कागदावर बऱ्याच जमिनी पुण्यातल्या सावकारांच्या नावावर गेलेल्या होत्या. सावकाराला शेताशी घेणं नव्हतं, भरपाईशी होतं. कंपनीने दर बरा दिला की विषय संपला. मावळ्याला मात्र पैसे नको होते, जमीन हवी होती. म्हणजे सरकार एका बाजूला, कंपनी तिच्याच बाजूला, आणि आपलेच लोक दारात भरपाईचा हिशेब करत बसलेले!

शिवाय अजून एक पेच होता. टाटा ही स्वदेशी कंपनी. तिकडे देशभर स्वदेशीचा जयजयकार चाललेला आणि इकडे बापट स्वदेशी भांडवलाच्या विरोधात उभे. विजेने देश पुढे जाईल, मग थोड्या लोकांनी त्याग करायला काय हरकत आहे, असा विचार करणारे पुष्कळ शहाणे लोक होते. आजही आहेत. बापटांचा मुद्दा सरळ होता. त्याग हा स्वतःहून करायचा असतो. दुसऱ्याकडून जबरदस्तीने करून घेतला की त्याला वेगळं नाव आहे. राज्य गोऱ्याचं असो की कंपनी आपल्या माणसाची असो, शेतकऱ्याचं शेत जाताना त्याला फरक काय पडतो?

१९२४ पर्यंत लढा जवळपास विझला होता. त्या वर्षाच्या शेवटी बापटांनी मोजक्या साथीदारांना घेऊन धरणाच्या कामाची रेल्वे अडवली. हे गांधीजींच्या अहिंसेत बसणारं नव्हतं, आणि ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. पण जे केलं त्याची जबाबदारी त्यांनी टाळली नाही. त्यांना जबर शिक्षा झाली आणि ते १९३१ मध्ये बाहेर आले. दरम्यान १९२७ साली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं होतं. गावं पाण्याखाली गेली होती. काही लोक डोंगराच्या उतारावर वर सरकले, काही पांगले. म्हणजे सेनापती लढाई हरले होते.

हरल्यावर माणूस काय करतो ह्यावरून तो कळतो असं मला वाटतं. बापट घरी बसले नाहीत. पुन्हा भाषणं, पुन्हा तुरुंग. सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकचं महाराष्ट्रातलं अध्यक्षपद. तुरुंगातला वेळ लिहिण्यात. योगी अरविंदांच्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाचा मराठी अनुवादही त्यांनी केला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. त्यानंतर तरी आराम करावा ना! पण १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोऱ्यांबरोबर सत्याग्रहींची तुकडी घेऊन ते गोव्यात शिरले. तेव्हा त्यांचं वय होतं ७४. त्यानंतर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही ते होतेच. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी ते गेले.

मुंबईचा सेनापती बापट मार्ग लोअर परळच्या गिरणगावाला लागून जातो. ज्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून ही धरणं झाली, त्यांच्याच शेजारून त्यांच्या नावाचा रस्ता! आता तिथल्या गिरण्याही गेल्या, टॉवर आणि मॉल आले. ज्या विकासासाठी गावं बुडाली तो विकासही कायमचा नव्हता. मुळशीचं पाणी मात्र अजून भिऱ्याला उतरतं. एरवी मुळेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात गेलं असतं, ते कुंडलिकेतून अरबी समुद्रात जातं. कोलाडला आपली मुलं राफ्टिंगला जातात ना, ते ह्याच पाण्यावर.

हे वाचून कुणी म्हणेल, मग काय धरणं बांधायचीच नाहीत? वीज नको? मी असं म्हणत नाही. हॉस्टेलमध्ये दहा मिनिटं लाइट गेली तरी आपण बोंब मारतो, मग असं म्हणायचा हक्क मला नाही. माझं म्हणणं एवढंच की बापट विजेच्या विरोधात नव्हतेच. न विचारता घेण्याच्या ते विरोधात होते. आणि हा प्रश्न काही जगावेगळा नव्हता हे नंतर कायद्यानेच मान्य केलं. १९७६ साली महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. २०१३ मध्ये नवा भूसंपादन कायदा आला, त्यात खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आणि आधी सामाजिक परिणामांचा अभ्यास आला. त्याच वर्षीच्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितलं. मावळ्यांनी रामनवमीला जमिनीवर बसून जे मागितलं ते कागदावर यायला नव्वदच्या वर वर्षं लागली.

कागदावर आलं म्हणजे झालं असं नाही, हे आपण सगळे जाणतो. संमतीच्या सह्या कशा गोळा होतात, अहवाल कसे लिहिले जातात, २ टक्क्यांत झाडं लावून फोटो कसे काढले जातात, हे पेपरात वाचायला मिळतंच. इथेच आपला संबंध येतो. दोन-तीन वर्षांनी आपल्यातलेच कुणी सर्व्हेला जातील, कुणी ड्रॉइंग काढतील, कुणी त्या अहवालावर सही करतील. नकाशावर निळ्या रंगाने पाण्याची पातळी दाखवायला आपल्याला शिकवतात. त्या निळ्या रंगाखाली किती उंबरे आहेत हे मोजायचा पेपर सिलॅबसमध्ये नाही.

तो पेपर आपणच आपल्याला घालून घ्यायचा. साइटवर पहिल्या दिवशी थिओडोलाइट लावायच्या आधी बांधावरच्या माणसाला नमस्कार करून, काका, इथे काय होणार आहे ते तुम्हाला कुणी सांगितलंय का, एवढं विचारलं तरी पुष्कळ. एडिंबरोला इंजिनियर व्हायला गेलेल्या एका माणसाने ह्या एका प्रश्नासाठी आयुष्यातली कितीतरी वर्षं तुरुंगात काढली. आपल्याला तर नुसतं विचारायचंच आहे.