भावंडांनी शिकवलेली मुलगी : ॲड. व्हायोलेट अल्वा



नोव्हेंबर हा आपल्या मृतांची आठवण करण्याचा महिना. दोन तारखेला आपण कबरींवर मेणबत्त्या लावतो, घरातल्या गेलेल्या माणसांची नावे मिस्सासाठी लिहून देतो. या वर्षी त्या यादीत मी माझ्याकडून एक नाव घातले आहे. व्हायोलेट अल्वा. त्या अमडापूरच्या नव्हेत. २० नोव्हेंबर हा त्यांचा मृत्युदिन. त्यांच्या आयुष्याची सुरुवात आपल्याकडच्या काही घरांची आठवण करून देणारी आहे, म्हणून ही कहाणी आज सांगावीशी वाटली.

व्हायोलेट यांचा जन्म २४ एप्रिल १९०८ रोजी अहमदाबादला झाला. वडील रेव्हरंड लक्ष्मण हरी हे अँग्लिकन चर्चचे पाळक होते. त्या चर्चमध्ये पाळक झालेल्या पहिल्या काही भारतीयांपैकी ते एक. घरात नऊ मुले, त्यांत व्हायोलेट आठवी. सोळा वर्षांच्या झाल्या तोवर आई गेली होती आणि वडीलही गेले होते.

आपण इथे क्षणभर थांबू या. १९२४ सालची गोष्ट. आईबापाविना सोळा वर्षांची मुलगी, डोक्यावर पाळकाच्या घराची साधी मिळकत, तीही बंद झालेली. त्या काळी अशा मुलीचे पुढे काय व्हायचे हे सांगायला नको. तिचे लग्न लावून मोकळे झाले असते तर भावंडांना कोणी नावे ठेवली नसती. पण थोरल्या भावंडांनी ठरवले की हिचे शिक्षण थांबणार नाही. मुंबईच्या क्लेअर रोड कॉन्व्हेंटमधून त्यांनी तिला मॅट्रिक केले. पुढे ती सेंट झेवियर्स कॉलेजात पदवीधर झाली आणि गव्हर्नमेंट लॉ कॉलेजातून वकील झाली. मधल्या काळात महर्षी कर्वे यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात त्यांनी इंग्रजी शिकवले.

भारतात स्त्रियांना वकिलीचा हक्क कायद्याने मिळाला तो १९२३ साली. त्यासाठी झटलेल्यांत नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या ख्रिस्ती बाईंचे नाव पहिले येते. पण कायदा झाला म्हणून पक्षकार लगेच बाईकडे आपली फाईल देत नव्हते. चिखली-बुलढाण्याच्या कोर्टात तारखेला जाणाऱ्या आपल्या लोकांना आजही विचारा, वकील कसा हवा म्हणून. त्या दिवसांत, १९४४ साली, व्हायोलेट अल्वा उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे उभ्या राहिल्या. पूर्णपीठ म्हणजे अनेक न्यायमूर्ती एकत्र बसून कायद्याचा अवघड प्रश्न सोडवतात ते पीठ. तिथे युक्तिवाद करणाऱ्या त्या भारतातल्या पहिल्या महिला वकील.

१९३७ साली त्यांचे लग्न जोकिम अल्वा यांच्याशी झाले. जोकिम हे उडुपीकडचे कॅथलिक, वकील आणि स्वातंत्र्यसैनिक. दोघांनी मिळून वकिली केली. निरंजन, चित्तरंजन आणि माया ही त्यांची तीन मुले. ख्रिस्ती घरातली ही नावे पाहा. श्रद्धा ख्रिस्ताची आणि माती आपली, यात त्या घराला काही अडचण वाटली नाही.

१९४३ साली इंग्रज सरकारने व्हायोलेट यांना अटक केली. चित्तरंजन तेव्हा पाच महिन्यांचा होता. अंगावर पिणारे मूल मागे ठेवता येईना, म्हणून त्यांनी त्याला कडेवर घेतले आणि आर्थर रोड तुरुंगाची वाट धरली. आईपण आणि देशसेवा यांतून एक निवडायचे, असा प्रश्नच त्यांनी मनात येऊ दिला नाही.

१९४४ मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी ‘द बेगम’ हे मासिक काढले. पुढे त्याचे नाव ‘इंडियन विमेन’ झाले. स्वातंत्र्यानंतर त्या मानद मॅजिस्ट्रेट झाल्या आणि १९४८ ते १९५४ या काळात मुंबईच्या बालन्यायालयाच्या अध्यक्ष होत्या. त्यांच्या सगळ्या पदांमध्ये मला हे पद मोठे वाटते. बालन्यायालयापुढे चोरी केलेली, घरातून पळालेली, कोणीच वाली नसलेली मुले येतात. तिथे शिक्षा किती द्यावी यापेक्षा, या मुलाला आता कोण सांभाळील हा प्रश्न आधी असतो. सोळाव्या वर्षी पोरकी झालेली बाई त्या खुर्चीवर बसली होती.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला संत थॉमस अक्वायनस यांचा न्यायाचा विचार शिकवला गेला. ज्याचे जे आहे ते त्याला देण्याची कायमची तयारी म्हणजे न्याय, असा त्याचा सारांश. परीक्षेसाठी मी तो पाठ केला होता. पण पोरक्या मुलाचे ‘जे आहे ते’ म्हणजे काय? त्याच्या नावावर सातबारा नसतो. त्याचे असते ते फक्त आपल्यावरचे ऋण. व्हायोलेट यांच्या भावंडांनी ते ओळखले, आणि त्यांच्याकडून जे मिळाले ते व्हायोलेट यांनी दुसऱ्यांच्या मुलांना परत केले.

१९५२ साली त्या राज्यसभेत गेल्या आणि जोकिम लोकसभेत. संसदेत एकाच वेळी बसलेले हे पहिले जोडपे. १९५७ नंतर व्हायोलेट गृहखात्याच्या उपमंत्री झाल्या. १९६२ साली त्या राज्यसभेच्या उपसभापती झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला, आणि १९६६ मध्ये पुन्हा निवडून आल्या.

शेवट मात्र सुखाचा नव्हता. १९६९ साली उपराष्ट्रपतिपद रिकामे झाले. त्या पदासाठी इंदिरा गांधींचा पाठिंबा त्यांना मिळाला नाही आणि नोव्हेंबरमध्ये त्यांनी उपसभापतिपदाचा राजीनामा दिला. काही दिवसांतच, २० नोव्हेंबरला, मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. वय एकसष्ट. इतके देऊनही मनात सल राहू शकतो. आपल्या प्रिय माणसांची आठवण करताना त्यांचे असे सलही आपण प्रभूच्या हाती द्यावेत.

त्यांची थोरली सून मार्गारेट याही वकील. सासूबाईंच्या पश्चात, १९७४ साली, त्या राज्यसभेवर गेल्या आणि पुढे केंद्रात मंत्री व राज्यपाल झाल्या. नातवंडांना वाढताना पाहणे मात्र आजीच्या वाट्याला आले नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये टपाल खात्याने व्हायोलेट आणि जोकिम यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

बंधुभगिनींनो, त्या थोरल्या भावंडांची नावे टपाल तिकिटावर नाहीत. पण त्यांनी १९२४ साली हात आखडता घेतला असता, तर यातले काहीच घडले नसते. आपल्याही वस्तीत वडील गेल्यावर दहावीनंतर घरी बसलेल्या मुली आहेत. त्यांचे भाऊ, काका, मामा दर रविवारी माझ्यासमोर बाकावर बसतात. मी त्यांना दोष देत नाही. सोयाबीनच्या एका बिघडलेल्या हंगामात घराचे काय होते हे मी पाहिले आहे. तरीही मुलीची शाळा सुटण्याआधी एकदा मला येऊन भेटा. आपण बसून काही मार्ग काढू.

येत्या रविवारच्या मिस्सात आपण व्हायोलेट अल्वा यांच्यासाठी प्रार्थना करू. सोबत त्यांच्या त्या भावंडांसाठीही करू.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू