पदक आणि बडतर्फी

सैनिकाचं शौर्य म्हटलं की आपल्याला रणांगण आठवतं. लिओनार्ड मॅटलोविचनं तेही गाजवलं होतं. पण मला तो आवडतो एका पत्रामुळे.

त्याचा जन्म 1943 सालचा, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला. वडील हवाई दलात, म्हणून तोही हवाई दलात गेला. व्हिएतनामच्या युद्धावर तीनदा गेला. शत्रूचे दोन सैनिक मारले म्हणून ब्राँझ स्टार मिळालं. भूसुरुंगावर पाय पडून जबर जखमी झाला, तेव्हा पर्पल हार्ट. पुढे त्याच्याकडे वेगळंच काम आलं. गोऱ्या-काळ्या सैनिकांमधला भेदभाव जावा म्हणून वर्ग घ्यायचे. गंमत म्हणजे लहानपणी तो स्वतःच त्या पूर्वग्रहात वाढलेला! शिकवता शिकवता त्याला जाणवलं, की समान हक्कांचे धडे देणारे आपण स्वतः मात्र लपून जगतोय. कारण तो समलिंगी होता आणि सैन्याच्या नियमात तशा माणसाला जागा नव्हती.

मार्च 1975 मध्ये त्यानं आपण समलिंगी असल्याचं पत्र सरळ वरिष्ठांच्या हाती दिलं. सप्टेंबरमध्ये टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचा गणवेशातला फोटो आला. सुनावणीत विचारलं गेलं, यापुढे असं वागणार नाही असं लिहून देशील का? दिलं असतं तर कदाचित नोकरी वाचली असती. त्यानं नकार दिला आणि ऑक्टोबरमध्ये त्याला काढून टाकलं.

तो कोर्टात गेला. 1980 मध्ये न्यायाधीशांनी त्याला परत घ्यायचा हुकूम दिला, पण हवाई दलानं पैसे देऊ केले आणि त्यानं 1,60,000 डॉलर घेऊन तडजोड केली. हे वाचून मी खट्टू झालो होतो. मग कळलं, परत गेलो तरी दुसरं काहीतरी कारण काढून घालवतील आणि वरच्या कोर्टात हरलो तर सगळ्यांचंच नुकसान होईल, ही त्याची भीती होती. पाच वर्षं झुंजलेल्या माणसाला हॉस्टेलच्या कॉटवर लोळत नावं ठेवणारा मी कोण?

22 जून 1988 रोजी एड्सनं तो गेला. वॉशिंग्टनच्या काँग्रेशनल स्मशानभूमीतली शिळा त्यानं आधीच करवून घेतली होती. दोन माणसांना मारलं म्हणून पदक आणि एकावर प्रेम केलं म्हणून बडतर्फी, असा तिच्यावरच्या मजकुराचा आशय आहे.

समलिंगींना उघडपणे सैन्यात राहण्यावरची बंदी 20 सप्टेंबर 2011 रोजी उठली. तेव्हा त्याला जाऊन 23 वर्षं झाली होती. त्याचं पत्र मात्र पोचलं, एवढं नक्की.