विद्यार्थिदशेंतील संशोधन : एडविन आर्मस्ट्राँग

विद्यार्थिदशा ही इतरांनीं मिळविलेलें ज्ञान पाठ करण्याची अवस्था होय, असा पुष्कळांचा समज असतो. अमेरिकन विद्युत्-शास्त्रज्ञ एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग यांचें चरित्र वाचलें म्हणजे हा समज किती अपुरा आहे तें कळून येतें.

एडविनचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजीं न्यूयॉर्क शहरांत झाला. बालपणीं जडलेल्या आजारामुळें कांहीं काळ त्याला घरींच शिकावें लागलें. पुढें मार्कोनीच्या बिनतारी संदेशांची कीर्ति ऐकून त्यानें त्या विद्येचा ध्यास घेतला व याँकर्स येथील राहत्या घरापाशीं सव्वाशें फूट उंचीचा खांब उभारला. १९०९ मध्यें तो कोलंबिया विश्वविद्यालयांत विद्युत्-यंत्रशास्त्र शिकण्यासाठीं दाखल झाला.

ली डी फॉरेस्ट यानें १९०६ मध्यें शोधिलेली ‘ऑडियन’ नांवाची काचेची नळी त्या काळीं बिनतारी यंत्रांत वापरीत. परंतु तिच्या आंत काय घडतें, हें कोणासच नीट उमगलें नव्हतें. एडविननें तिच्यांतील प्रवाहांचें मापन आरंभिलें. १९१२ सालीं त्याच्या ध्यानीं आलें कीं, नळींतून बाहेर पडणाऱ्या शक्तीचा कांहीं अंश पुन्हा तिच्याच प्रवेशमार्गीं आणून सोडिला, तर क्षीण संदेश कितीएक पटींनीं मोठा होतो. तो अंश आणखी वाढविला असतां नळी स्वतःच लहरी उत्पन्न करूं लागते, म्हणजे तीच प्रेषक यंत्राचेंहि काम देते.

या शोधाचें पेटंट घेण्यासाठीं त्यानें वडिलांकडे पैसे मागितले. परंतु अगोदर पदवी मिळव, असें त्यांनीं सांगितलें. तेव्हां एडविननें आपली आकृति काढून ३१ जानेवारी १९१३ रोजीं तीवर नोटरीचा शिक्का घेतला. त्याच वर्षीं तो पदवीधर झाला व ऑक्टोबरांत पेटंटाचा अर्ज दाखल झाला.

पुढें डी फॉरेस्ट यांनीं या शोधावर हक्क सांगितला. वर्षानुवर्षें खटला चालून १९३४ मध्यें सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आर्मस्ट्राँग यांच्याविरुद्ध गेला. याच शोधाबद्दल रेडिओ-इंजिनिअरांच्या संस्थेनें त्यांना मानाचें पदक दिलें होतें. निकालानंतर तें परत करण्यास ते स्वतः संस्थेच्या सभेस गेले. परंतु संस्थेनें तें घेण्याचें नाकारून त्यांचा मान कायम राखिला. त्या शास्त्रांत मुरलेल्या लोकांचें मत न्यायालयाच्या निकालानें पालटलें नाहीं.

दरम्यान १९१८ मध्यें, महायुद्धांत सैन्याधिकारी म्हणून पॅरिसला असतां, त्यांनीं ‘सुपरहेटरोडाइन’ ग्राहक यंत्र योजिलें. पुढील रेडिओयंत्रें बहुधा त्याच तत्त्वावर बनलीं. विजेच्या खरखरीवर उपाय म्हणून त्यांनीं लहरीची उंची बदलण्याऐवजीं तिची कंपनसंख्या बदलण्याची पद्धति सिद्ध केली व १९३३ मध्यें तिचीं पेटंटें मिळविलीं. आपण आज ऐकतों तीं एफ. एम. केंद्रें याच पद्धतीचीं. कोलंबियांत प्राध्यापक असतांना ते नाममात्र एक डॉलर वार्षिक वेतन घेत.

एफ. एम.च्या हक्कांसाठींहि त्यांना न्यायालयांत झगडावें लागलें. तो झगडा चालू असतांच १९५४ मध्यें त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या पत्नी मॅरियन यांनीं तो नेटानें पुढें चालविला व १९६७ पर्यंत पूर्ण यश मिळविलें.

विद्यार्थिमित्रांनो, ऑडियन नळी हजारोंनीं वापरिली. ती कशी चालते हें मोजून पाहण्याचे कष्ट मात्र एका विद्यार्थ्यानें घेतले. प्रयोगशाळेंत उपकरण हातीं येईल तेव्हां ही गोष्ट आठवावी. आणि मुलगा आकृति घेऊन पुढें आला, तर पालकांनींहि ती घटकाभर निरखून पाहावी.