एकाच कसोटीत दोन शतकं, तरीही डावाने हार! सांगलीच्या विजय हजारेंची गोष्ट

दरवर्षी मोबाईलवर विजय हजारे करंडकाचे स्कोअर झळकतात. कुणी शतक ठोकलं, कुठला संघ बाद फेरीत गेला, याची चर्चा पारावर आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रंगते. पण ज्यांच्या नावाने ही स्पर्धा खेळली जाते ते विजय हजारे आपल्या सांगलीचे, हे अनेक तरुण पोरांना माहीत नसतं. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. आणि त्यांची गंमत अशी, की त्यांच्या काही गाजलेल्या खेळ्या हरणाऱ्या संघासाठी झाल्या.

शिक्षकाच्या घरातला पोरगा

विजय सॅम्युअल हजारे यांचा जन्म 11 मार्च 1915 रोजी सांगलीत झाला. मराठी ख्रिश्चन कुटुंब, वडील शाळेत शिक्षक आणि घरात आठ भावंडं. मास्तरच्या पगारात एवढं मोठं खटलं चालायचं. क्रिकेट तेव्हा राजेरजवाडे, साहेब लोक आणि शहरातल्या जिमखान्यांचा खेळ. सांगलीच्या पोराला तिथवर पोचायला कुणाचा तरी हात लागणारच होता.

तो हात मिळाला देवास संस्थानच्या महाराजांचा. त्यांच्या आश्रयामुळे हजारेंना क्लॅरी ग्रिमेट यांच्याकडे शिकायला मिळालं. ग्रिमेट म्हणजे ऑस्ट्रेलियाचे नामांकित लेगस्पिनर, कसोटीत 200 बळी घेणारे जगातले पहिले गोलंदाज. हजारे आधी गोलंदाज म्हणूनच ओळखले जात. पण या पोराची खरी ताकद फलंदाजीत आहे, हे ग्रिमेटनी ओळखलं.

हजारेंची उभं राहण्याची ढब विचित्र होती. बॅट दोन्ही पॅडच्या मधे धरलेली आणि मुठीवर दोन्ही हातांत अंतर. पुस्तकी क्रिकेट शिकवणाऱ्याने ती पहिल्याच दिवशी बदलायला लावली असती. ग्रिमेटनी तिला हात लावला नाही. तीच ढब शेवटपर्यंत राहिली आणि त्याच ढबीने हजारेंनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये 60 शतकं काढली.

सुरुवातीला ते महाराष्ट्राकडून खेळले. 1939-40 च्या हंगामात प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. त्याच हंगामात पुण्यात बडोद्याविरुद्ध हजारेंनी नाबाद 316 धावा केल्या. रणजी करंडकातलं हे पहिलं त्रिशतक. पुढे त्याच बडोद्याच्या संस्थानात त्यांना नोकरी मिळाली आणि ते बडोद्याचेच होऊन गेले.

387 मधल्या 309

त्या काळी मुंबईची पंचरंगी स्पर्धा म्हणजे देशातलं सगळ्यात गाजलेलं क्रिकेट. संघ धर्मावरून पाडलेले: हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि उरलेल्या सगळ्यांचा मिळून एक. या उरलेल्यांच्या संघाचं नाव ‘द रेस्ट’. ख्रिश्चन म्हणून हजारे या पाचव्या संघात. संघ तसा दुबळाच, सगळी भिस्त एकट्या हजारेंवर.

1943 ची स्पर्धा सुरू होती तेव्हा विजय मर्चंट आणि विजय हजारे, या दोन विजयांची चढाओढ लोक डोळ्यांत तेल घालून बघत होते. हजारेंनी 248 धावा करून स्पर्धेतला विक्रम केला. अंतिम सामन्यात मर्चंटनी हिंदू संघाकडून नाबाद 250 करून तो मोडला. हिंदू संघाने 5 बाद 581 वर डाव सोडला. उत्तरात रेस्टचा अख्खा संघ 133 धावांत गारद. त्यातल्या 59 हजारेंच्या. मग फॉलोऑन.

दुसऱ्या डावात निम्मा संघ स्वस्तात गेला, तेव्हा हजारेंच्या जोडीला आला त्यांचा सख्खा भाऊ विवेक. या जोडीने 300 धावांची भागीदारी केली. त्यात विवेकच्या धावा किती? फक्त 21. एक भाऊ धावा करत राहिला आणि दुसरा आपली विकेट सांभाळत राहिला. संघाच्या 387 धावांपैकी 309 एकट्या हजारेंच्या. मर्चंटचा विक्रम काही दिवससुद्धा टिकला नाही. पण सामना? तो रेस्टने एक डाव आणि 61 धावांनी गमावला.

अ‍ॅडलेडचे ते दोन डाव

1947 च्या शेवटी स्वतंत्र भारताचा संघ पहिल्यांदाच परदेश दौऱ्यावर निघाला, तोही थेट ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियात. देशाची फाळणी नुकतीच झालेली. मर्चंट आणि मुश्ताक अली यांच्यासारखे खंदे फलंदाज संघात नव्हते. लाला अमरनाथ कर्णधार आणि हजारे उपकर्णधार. पहिल्याच कसोटीत ब्रिस्बेनला भारताचे डाव 58 आणि 98 वर आटोपले. पुढे काय वाढून ठेवलंय, ते तिथेच दिसलं.

चौथी कसोटी 23 जानेवारी 1948 पासून अ‍ॅडलेडला झाली. ऑस्ट्रेलियाने 674 धावांचा डोंगर उभा केला. ब्रॅडमनच्या 201. त्यांचा त्रिफळा उडवला तोही हजारेंनीच. मग भारताची फलंदाजी सुरू झाली आणि 133 वर निम्मा संघ तंबूत. तिथून हजारे आणि दत्तू फडकर यांनी सहाव्या गड्यासाठी 188 धावा जोडल्या. हजारे 116, फडकर 123. तरी डाव 381 वर संपला आणि भारताला फॉलोऑन मिळाला. ऑस्ट्रेलियाची आघाडी 293 ची.

आता पुन्हा फलंदाजीला उतरायचं. एका डावात शतक काढून दमलेला माणूस, वय 32, आणि समोर ताजातवाना रे लिंडवॉल. जगातल्या सगळ्यात वेगवान गोलंदाजांपैकी एक. धावफलकावर एकही धाव लागायच्या आत भारताचे दोन गडी बाद झाले. मंकड भोपळा, अमरनाथ भोपळा.

अशा वेळी पहिल्या डावातलं शतक काही कामाचं नसतं. नव्या डावात फलंदाजाच्या नावापुढे पुन्हा शून्यच असतं, मग मागच्या डावात त्याने कितीही केलेले असोत. हजारेंनी शून्यापासून सुरुवात केली. एका बाजूने गडी पडत होते, दुसऱ्या बाजूला ते उभे होते. लिंडवॉलने 38 धावांत 7 बळी घेतले. हजारेंची विकेटही शेवटी त्यालाच मिळाली, पण तोवर त्यांच्या 145 झाल्या होत्या. हेमू अधिकारींनी 51 धावांची साथ दिली. भारत सर्व बाद 277. एक डाव आणि 16 धावांनी पराभव.

कसोटी 28 जानेवारीला संपली. दोनच दिवसांनी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली आणि सगळा देश सुन्न झाला. अ‍ॅडलेडच्या दोन शतकांचं कौतुक करायच्या मनःस्थितीत तेव्हा कोण असणार?

पण तो पराक्रम किती मोठा होता, ते पुढच्या वर्षांनी दाखवलं. दुसऱ्या भारतीयाला एका कसोटीत दोन शतकं करायला 23 वर्षं लागली. 1971 मध्ये सुनील गावसकरांनी पोर्ट ऑफ स्पेनला 124 आणि 220 केल्या.

तीन डाव, तीन शतकं, मधे पावणेतीन वर्षं

त्याच वर्षाच्या शेवटी वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला. या संघातल्या एव्हर्टन वीक्सने कमाल केली. आधी इंग्लंडविरुद्ध 141, मग भारतात 128, 194, 162 आणि 101. सलग पाच कसोटी डावांत पाच शतकं! सहाव्या वेळी मद्रासला तो 90 वर धावबाद झाला. सलग पाच डावांचा तो विक्रम आजही कुणी मोडलेला नाही.

याच मालिकेत मुंबईला वीक्सने 194 केल्या आणि भारतावर फॉलोऑनची वेळ आली, तेव्हा हजारेंनी नाबाद 134 करून कसोटी वाचवली. मालिकेची शेवटची कसोटी पुन्हा मुंबईलाच, फेब्रुवारी 1949 मध्ये. तोवर भारताने एकही कसोटी जिंकलेली नव्हती. चौथ्या डावात 361 धावा हव्या होत्या. हजारेंनी 122 केल्या, रुसी मोदींनी 86, आणि विजय अगदी उंबरठ्यावर आला. वेळ संपली तेव्हा भारत 8 बाद 355. फक्त सहा धावा कमी पडल्या. हातातोंडाशी आलेला घास गेला.

त्यानंतर भारताला पुढची अधिकृत कसोटी मिळाली ती थेट नोव्हेंबर 1951 मध्ये, दिल्लीत इंग्लंडविरुद्ध. आता कर्णधार हजारे, वय 36. मधे पावणेतीन वर्षं गेली होती. पण हजारेंच्या बॅटला जणू काल-परवाच मुंबईची कसोटी संपली होती. त्यांनी नाबाद 164 केल्या. जोडीला होते जुने प्रतिस्पर्धी मर्चंट, त्यांच्या 154. ती मर्चंटची शेवटची कसोटी ठरली. दिल्लीत भारताने एकदाच फलंदाजी केली. पुढची कसोटी मुंबईला, पहिल्या डावात हजारेंच्या 155.

122, नाबाद 164, 155. लागोपाठ तीन कसोटी डावांत तीन शतकं. हे करणारे ते पहिले भारतीय. आज वर्षाला दहा-बारा कसोट्या होतात, फॉर्म आहे की गेला ते महिन्याभरात कळतं. हजारेंना तो फॉर्म पावणेतीन वर्षं सांभाळून ठेवावा लागला.

पहिला विजय

याच मालिकेत, 10 फेब्रुवारी 1952 रोजी मद्रासला भारताने आपली पहिली कसोटी जिंकली. एक डाव आणि 8 धावांनी. विनू मंकडनी सामन्यात 12 बळी घेतले, पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतकं केली. ज्या माणसाच्या शतकांना आजवर विजयाचं तोंड दिसलं नव्हतं, तो या विजयाचा कर्णधार होता.

त्याच वर्षी इंग्लंडच्या दौऱ्यात लीड्सला दुसऱ्या डावात भारताचे चार गडी शून्य धावसंख्येवर बाद झाले. तिथेही डाव सावरायला हजारे आणि फडकरच धावले. हजारे 56, फडकर 64. अ‍ॅडलेडचीच जोडी. आणि शेवट तोच, पराभव.

मितभाषी स्वभावाच्या या माणसाला कर्णधारपद मानवलं नाही, त्याने फलंदाजीवर ओझं आलं, असं तेव्हाच्या अनेक जाणकारांचं मत होतं. 14 कसोटींत नेतृत्व करून त्यांना विजय तो एकच मिळाला. एकूण 30 कसोटींत त्यांनी 7 शतकांसह 2192 धावा केल्या, सरासरी 47.65. प्रथम श्रेणीत 18,740 धावा आणि 595 बळी. 1947 च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याकडून गुल महंमदबरोबर त्यांनी केलेली 577 धावांची भागीदारी 2006 पर्यंत जगात सर्वात मोठी होती. 1960 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हा मान मिळवणाऱ्या पहिल्या क्रिकेटपटूंमध्ये ते होते.

18 डिसेंबर 2004 रोजी बडोद्यात त्यांचं निधन झालं. वय 89.

त्यांच्या नावाचा करंडक एकदिवसीय सामन्यांचा आहे. हजारे स्वतः एकही आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना खेळले नाहीत. असे सामने 1971 मध्ये सुरू झाले, तेव्हा त्यांचा खेळ संपला होता.

डिसेंबर 2014 मध्ये विराट कोहलीने एका कसोटीत दोन शतकं केली, 115 आणि 141. मैदान अ‍ॅडलेडचंच, समोर ऑस्ट्रेलियाच, आणि ती कसोटीही भारत हरला. त्या दिवशी जुना विक्रम कुणाचा म्हणून रेकॉर्ड बुक उघडलं गेलं, तेव्हा 66 वर्षांपूर्वीच्या पानावर सांगलीच्या मास्तरांच्या पोराचं नाव होतं.