नांगराने वसवलेले गाव : लक्ष्मणराव किर्लोस्कर

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर किर्लोस्करवाडी नावाचे एक छोटे स्थानक लागते. सांगली जिल्ह्यातील कुंडल आणि पलूस या शेतीवर जगणाऱ्या गावांचा हा परिसर. शतकापूर्वी या स्थानकाचे नाव कुंडल रोड असे होते आणि त्याच्यालगत निवडुंगाने व्यापलेला ओसाड माळ पसरला होता. त्या माळावर १९१० साली एक कारखाना आणि त्याच्याबरोबर एक गाव उभे राहिले. ज्यांच्या आडनावाने ते ओळखले जाऊ लागले, ते लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे बेळगाव जिल्ह्यातले. बेळगावातली जागा सोडावी लागली नसती, तर हे गाव त्या माळावर वसलेच नसते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी गुर्लहोसूर येथे झाला. संगीत रंगभूमीचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचेही जन्मगाव हेच आणि घराणेही हेच. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते. मुलाचे मन मात्र पुस्तकांपेक्षा चित्रांत आणि यंत्रांच्या उघडझापेत रमे. वडिलांचा विरोध असतानाही थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पाठबळावर ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे शिकताना त्यांना काही रंगांतला भेद ओळखता येत नसल्याचे ध्यानात आले. चित्रकार होण्याचा मार्ग तेथेच संपला; परंतु रेषांवरची हुकमत शिल्लक होती. तिच्या बळावर ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत तोच विषय शिकवू लागले. शिकवता शिकवता तेथील यंत्रे हाताळून त्यांनी कारखान्यातले बारकावेही आत्मसात केले.

नोकरीत असतानाच रामूअण्णांच्या साथीने त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले होते. सायकल ही तेव्हा धनिकांच्या हौसेची वस्तू होती. ती विकायची, तर चालवायलाही शिकवावे लागे. ते काम रामूअण्णा करीत. पुढे बढतीच्या वेळी आपल्याला डावलले गेल्याचे दिसताच लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते कायमचे बेळगावला परतले.

सायकलींचे गिऱ्हाईक मोजके होते, तर शेतकरी गावोगाव होता आणि त्याच्या हाती पिढ्यान्‌पिढ्यांची लाकडी अवजारे होती. लक्ष्मणरावांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र बनवले आणि १९०३ च्या सुमारास ते लोखंडी नांगराकडे वळले. लाकडी नांगर जमीन फोडतो, पण ती पुरती पालथी करीत नाही. काळ्या रानात खोल गेलेल्या हरळी-कुंद्याच्या मुळ्या त्यामुळे शाबूत राहतात. लोखंडी नांगराचा फाळ जमिनीत शिरतो आणि त्यामागचा वक्र पंखा मातीची ढेकळे उलटी टाकतो. मुळ्या वर येऊन उन्हाने वाळतात. एवढा उघड लाभ असूनही नांगर विकला जाईना. लोखंडाच्या स्पर्शाने जमिनीत विष भिनेल आणि ती नापीक होईल, अशी भीती शेतकऱ्यांच्या मनात होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली.

त्या शंकेला अडाणीपणा म्हणून हसण्यावारी नेणे सोपे होते. परंतु ज्याचे सारे घर एका हंगामावर अवलंबून असते, तो नव्या अवजाराच्या प्रयोगासाठी आपली जमीन सहजासहजी पणाला लावत नाही. शेजाऱ्याच्या नांगरलेल्या रानात पुढे काय उगवते, हे पाहिल्यावरच त्याचा विश्वास बसतो. लक्ष्मणरावांना त्याची वाट पाहावी लागली आणि त्यांनी ती पाहिली.

नांगराला मागणी येऊ लागली, तोच कारखान्याची जागा हातची गेली. बेळगावात नवी वसाहत आखली जात होती आणि तिच्यासाठी नगरपालिकेने त्यांना जागा रिकामी करण्यास सांगितले. यंत्रे होती, माणसे होती, परंतु ती ठेवण्यास ठिकाण नव्हते. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस आले. त्यांनी औंधमधील बांधकामाचे काम लक्ष्मणरावांना दिले, कारखान्यासाठी संस्थानात हवी ती जागा निवडण्याची मुभा दिली आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. लक्ष्मणरावांनी कुंडल रोड स्थानकालगतचा ३२ एकरांचा माळ पसंत केला. जमीन खडकाळ असली, तरी रेल्वे दाराशी होती. कच्चे लोखंड आणणे आणि नांगर दूरवर पाठवणे तिच्यामुळे शक्य होणार होते.

१० मार्च १९१० रोजी तेथे कामाला आरंभ झाला. साप-विंचवांच्या त्या माळावर बेळगावहून आलेली कुटुंबे कारखान्याबरोबरच आपली घरेही उभारू लागली. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर यांसारखे सहकारी सोबत होते. वस्तीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही त्यांनी कामावर घेतले आणि त्यांपैकी काहींवर रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी सोपवली. जातिभेद आणि बहिष्कार यांना सरावलेल्या त्या काळात ही गोष्ट सोपी नव्हती.

नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप तेथे तयार होऊ लागले. कृष्णाकाठच्या शेतीला जे लागत गेले, ते कारखाना घडवत गेला. १९२० साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि त्यानंतर ‘मनोहर’ही निघाले. अशा रीतीने नांगर घडवणाऱ्या खेड्यातून मराठी घराघरांत सुधारणेचा विचारही पोहोचू लागला. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत यंत्रशास्त्र शिकून १९२६ मध्ये परतले आणि कामाचा व्याप हरिहर, बंगळूर, पुणे असा वाढत गेला.

आयुष्याच्या उतरणीवर सर्वांत मोठा आघात झाला. महात्मा गांधींच्या हत्येनंतर १९४८ च्या आरंभी उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखाना आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. तेव्हा लक्ष्मणराव ७८ वर्षांचे होते. चार दशके परिसराशी जोडलेली नाती द्वेषाच्या एका लाटेपुढे तोकडी पडली, हे दुःख जळालेल्या यंत्रांहून लहान नसावे. तरीही कारखाना तेथून हलला नाही. त्याच जागेवर तो पुन्हा उभा राहिला आणि भट्ट्या पुन्हा पेटल्या.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. शेतात आज बैलांच्या नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतली आहे आणि तो जुना लोखंडी नांगर एखाद्या वाड्याच्या पडवीत गंजत पडलेला दिसतो. ज्या लोखंडाने जमीन नासेल असे वाटत होते, त्याच्याच बळावर वसलेल्या गावात मात्र आजही गाडी थांबते आणि माणसे कामावर जातात.