मालक नसलेल्या चित्रांचा राखणदार : हरिभाऊ वाकणकर

उज्जैनचं माधव नगर म्हणजे रेल्वे रुळांपलीकडची वस्ती. शिंदेशाहीची आठवण सांगणाऱ्या या शहरातल्या मराठी माणसांमध्ये एक नाव आजही घरच्यासारखं घेतलं जातं : डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर, सगळ्यांचे हरिभाऊ.

जन्म ४ मे १९१९ चा, नीमचचा. हातात कुंचला आणि डोक्यात इतिहास. उज्जैनमध्ये त्यांनी भारती कला भवन उभं केलं, मुलांना चित्रकला शिकवली. पण त्यांचं खरं काम घडलं ते चार भिंतींच्या बाहेर.

१९५६ साली मुंबईत एअर इंडियाने बी. प्रभा यांची सहा चित्रं विकत घेतली. कंपन्यांनी कचेऱ्यांसाठी चित्रं जमवायचे ते दिवस होते. त्या चित्रांना मालक होता, भिंत होती, पहारा होता. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, भोपाळकडे जाताना हरिभाऊंना आगगाडीच्या खिडकीतून चमत्कारिक आकाराचे खडक दिसले. ते तिथे पोचले. ती जागा होती रायसेन जिल्ह्यातली भीमबेटका. आसपासचे लोक तिला भीमाची बैठक म्हणत. खडकांवर लाल-पांढऱ्या रंगात रानरेडे, हरणं, शिकारी, नाचणारी माणसं. हजारो वर्षं सगळ्यांसाठी उघडं असलेलं हे दालन, पण राखणारा कुणी नाही!

हरिभाऊंनी मग रानोमाळ पायपीट केली. चित्रांच्या हुबेहूब नकला हाताने उतरवून घेतल्या. ऊन-पावसाने मूळ रंग फिके पडले, तरी नोंद मागे राहावी म्हणून. शिष्यवृत्तीवर पॅरिसला जाऊनही शिकले. उज्जैनजवळच्या कायथ्याला उत्खनन केलं. सत्तरच्या दशकात भीमबेटकाही खणून अभ्यासलं. १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७६ मध्ये रॉबर्ट ब्रुक्स यांच्यासोबत भारतातल्या शैलचित्रांवर इंग्रजीत पुस्तक काढलं.

एप्रिल १९८८ मध्ये सिंगापूरला त्यांचं निधन झालं. २००३ साली भीमबेटका युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. ते पाहायला हरिभाऊ नव्हते.

कंपनीच्या संग्रहातलं चित्र विकलं तर दुसऱ्या भिंतीवर जातं. डोंगरावरचं चित्र कुणी नाव कोरून खरवडलं, तर ते कायमचं जातं. हरिभाऊंनी नोंद करून ठेवली. राखण मात्र आता पाहायला जाणाऱ्या प्रत्येकाची.