वाटाण्यांचा हिशेब मांडणारे मेंडेल

मूल कोणाच्या वळणावर गेले, हा घरोघरच्या कौतुकाचा प्रश्न. कधी तोच प्रश्न बोल लावण्याचे निमित्त होतो. त्याचे खरे उत्तर प्रथम शोधले ते ग्रेगोर मेंडेल ह्यांनी.

त्यांचा जन्म १८२२ साली, त्या वेळच्या ऑस्ट्रियाच्या राज्यात, एका शेतकऱ्याच्या घरी झाला. वडील अपघाताने अधू झाले आणि शिक्षण थांबण्याची वेळ आली. तेव्हा धाकटी बहीण तेरेझिया हिने आपल्या लग्नासाठी राखलेल्या वाट्यातला पैसा भावाला दिला. ते ऋण मेंडेल विसरले नाहीत. पुढे तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाला त्यांनी हातभार लावला.

१८४३ साली ते ब्रनो शहरातील मठात दाखल झाले. शिक्षकाच्या परीक्षेत नापास झाले, पण खचले नाहीत. १८५६ पासून मठाच्या बागेत त्यांनी वाटाण्यावर प्रयोग आरंभिले. गोल दाण्याच्या जातीचा सुरकुतलेल्या दाण्याच्या जातीशी संकर केला. पहिल्या पिढीत सारे दाणे गोल आले. सुरकुती कायमची गेली असे वाटावे, तो पुढच्या पिढीत ती पुन्हा दिसली. त्यांनी दाणे मोजले: गोल ५,४७४, सुरकुतलेले १,८५०. म्हणजे सुमारे तिनास एक. ह्यावरून त्यांनी ताडले की प्रत्येक गुणाचा एक अंश आईकडून व एक बापाकडून येतो. एखादा अंश दडून राहतो, पण नष्ट होत नाही. १८६६ साली हा निबंध छापला गेला, परंतु फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८८४ साली ते वारले. त्यांची थोरवी जगाला १९०० साली कळली.

ह्या हिशेबाचा आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीशी निकटचा संबंध आहे. आपल्याकडे अनेक कुटुंबांत सिकलसेलचा आजार आढळतो. पेशी आपल्या जनुकांची नक्कल करताना क्वचित चूक होते. फार पूर्वी अशाच एका चुकीने रक्तद्रव्याच्या जनुकातले एक अक्षर बदलले आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकू लागल्या. हा बदललेला अंश एकाच बाजूने आला तर सहसा त्रास होत नाही. उलट हिवतापापासून काहीसे रक्षण होते, म्हणून हिवतापाच्या मुलखात तो टिकला. असा माणूस वाहक होय. पण आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निपजण्याचा संभव चारांत एक असतो. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन निरोगी होतील, असे मात्र नाही. प्रत्येक वेळी हिशेब नव्याने सुरू होतो.

तेव्हा भगिनींनो, आजारी लेकराच्या आईला दूषण देणे हा अन्याय आहे. तिच्याइतकाच अंश बापाचाही असतो. पत्रिका पाहा अथवा पाहू नका, पण लग्न ठरवण्यापूर्वी मुलाचे व मुलीचे, दोघांचेही रक्त सरकारी दवाखान्यात अवश्य तपासून घ्या.